डेंग्यूत पांढऱ्या पेशी कमी का होतात? शरीर लढतंय तर वाढायला नकोत का?

ढोकाळीकर_ताई

धाकट्या भावाला ताप आहे, आज चौथा दिवस. शेजारी टॉवरचं काम चाललंय, तळघरात पावसाचं पाणी साचून राहिलंय, त्यामुळे सोसायटीत घरटी कुणी ना कुणी आडवं आहे. याची डेंग्यूची एनएस१ टेस्ट पॉझिटिव्ह आली. डॉक्टर म्हणाले घरीच राहू दे, रोज सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करा, पाणी-सरबत-पेज सतत चालू ठेवा आणि तापाला फक्त पॅरासिटामॉल. औषधाबद्दल माझी काही शंका नाही. पण दवाखान्यात मागे एवढी रांग असते की "असं का?" विचारायला तोंड उघडत नाही, म्हणून इथे विचारतेय.

आजचा रिपोर्ट: हिमोग्लोबिन १४.१, डब्ल्यूबीसी (पांढऱ्या पेशी) २,९००, न्यूट्रोफिल ३८ टक्के, लिम्फोसाइट ५० टक्के, प्लेटलेट्स ९६,०००, पीसीव्ही ४२. खाली शेरा: रिॲक्टिव्ह लिम्फोसाइट्स दिसतात.

शाळेत शिकलो की पांढऱ्या पेशी म्हणजे सैनिक, जंतू शिरले की त्यांची संख्या वाढते. आईला न्यूमोनिया झाला होता तेव्हा तिच्या १८,००० होत्या. मग याच्या एवढ्या खाली कशा? इम्युनिटीच संपली का? मामा फोनवर सारखा "अँटिबायोटिक चालू करा" म्हणतोय. आणि ते रिॲक्टिव्ह म्हणजे काय, काही वाईट तर नाही ना?

कळवा_खारेगाव

पपईच्या पानांचा रस द्या. आमच्या मेव्हण्याच्या प्लेटलेट्स दोन दिवसांत दीड लाखावर गेल्या. बाकी काळजी करू नका.

जांभळं_टोपण

ताई, नौपाड्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये स्लाइड बघणं हेच माझं पोटापाण्याचं काम. पावसाळ्यात हा प्रश्न काउंटरवर रोज येतो आणि तिथेही मागे रांगच असते. इथे निवांत लिहितो.

आधी गणित. २,९०० चे ३८ टक्के म्हणजे साधारण १,१०० न्यूट्रोफिल. हे कमी आहेत, दोन हजारांच्या वर असायला हवेत. ५० टक्के लिम्फोसाइट म्हणजे १,४५०. हे अगदी ठीक आहेत! म्हणजे सगळी फौज घटलेली नाही, मुख्यतः एक जात घटली आहे. रिपोर्टमध्ये नुसते टक्के वाचले की माणूस हमखास घाबरतो.

आता हीच जात का? आईंचा न्यूमोनिया बॅक्टेरियाचा असणार. बॅक्टेरिया एक-दोन मायक्रॉनचा, पेशींच्या बाहेर फिरणारा. न्यूट्रोफिल त्याला अख्खा गिळतो आणि स्वतःही मरतो, पू म्हणतो तो बराचसा याच मेलेल्या न्यूट्रोफिलचा. अशा वेळी बोन मॅरो, म्हणजे हाडांतला पेशी बनवणारा कारखाना, राखीव साठा बाहेर काढतो, अर्धवट पिकलेल्या पेशीसुद्धा रक्तात ढकलतो. म्हणून १८,०००. डेंग्यूचा व्हायरस मात्र ५० नॅनोमीटरच्या आसपास, आमच्या साध्या मायक्रोस्कोपखाली दिसतसुद्धा नाही. तो आपल्याच पेशीत घुसून तिच्याकडून स्वतःच्या प्रती काढून घेतो, तिथे गिळणाऱ्या न्यूट्रोफिलचा फारसा उपयोग नाही. त्यात पहिल्या काही दिवसांत बोन मॅरोचं कामही मंदावतं.

तुमच्याच रिपोर्टमध्ये याचा पुरावा आहे बघा. लाल पेशी १२० दिवस जगते, त्यामुळे कारखाना चार दिवस थंड पडला तरी हिमोग्लोबिन १४ च्या १४. न्यूट्रोफिल रक्तात जेमतेम एखादा दिवस टिकतो, म्हणून तो आकडा लगेच पडतो. प्लेटलेटचं आयुष्य आठ-दहा दिवसांचं. नुसतं उत्पादन मंदावून ती इतक्या लवकर एवढी उतरली नसती, पण डेंग्यूत बाहेर रक्तातही प्लेटलेट्स नष्ट होत असतात. दोन्हीकडून मार.

रिॲक्टिव्ह लिम्फोसाइट ही तर मला चांगली खूण वाटते. लिशमन स्टेनने रंगवलेल्या स्लाइडवर साधा लिम्फोसाइट लाल पेशीपेक्षा थोडाच मोठा असतो: गोल, गडद जांभळं केंद्रक आणि भोवती निळ्या रंगाची बारीक कड, बस. रिॲक्टिव्ह झालेला ऐसपैस पसरतो. केंद्रक एका बाजूला, निळा भाग भरपूर, आणि शेजारच्या लाल पेशींना टेकला की त्यांच्या आकाराने आत दबतो, दबलेली कड आणखी गडद दिसते. हा निळेपणा आरएनएमुळे. निळा रंग आरएनएला धरतो आणि आरएनए जास्त म्हणजे पेशी जोरात प्रथिनं बनवायला लागली आहे. यातल्या काही बी पेशी अँटीबॉडी बनवण्याच्या मार्गावर असतात, काही टी पेशी व्हायरस शिरलेल्या पेशी हुडकून मारणाऱ्या. तेव्हा इम्युनिटी संपलेली नाही, जागी झाली आहे.

आणि रक्तात दिसतं ते सगळं नसतं. शरीरातल्या एकूण लिम्फोसाइट्सपैकी दोनेक टक्केच एका वेळी रक्तात असतात, बाकीचे गाठींत, प्लीहेत, आतड्याच्या अस्तरात. ठाणे स्टेशनच्या फलाटावर दुपारी तीनला डोकी मोजून ठाण्याची लोकसंख्या सांगण्यातला प्रकार आहे हा.

मामांना सांगा, अँटिबायोटिक बॅक्टेरियाची भिंत किंवा त्याचं प्रथिनं बनवणारं यंत्र बिघडवतं. व्हायरसकडे ती भिंतही नाही आणि ते यंत्रही नाही.

एक लॅबवाल्याची गोष्ट. प्लेटलेट्स एकदम खूप पडल्या, उदाहरणार्थ कालच्या ९६,००० वरून आज थेट ३०,०००, तर "स्लाइडवर बघितलं का?" असं विचारायला लाजू नका. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असतं, काहींच्या प्लेटलेट्स त्यात एकमेकींना चिकटतात. मशीन त्या गठ्ठ्याला प्लेटलेट धरतच नाही. आम्ही शंभरच्या लेन्सखाली मोजतो, एका फील्डमध्ये एक दिसली की अंदाजे १५ ते २० हजार धरायच्या.

नेरुळच्या_बाई

जीवशास्त्र शिकवते, म्हणून सैनिकांबद्दल दोन ओळी. पेशी जंतूंना गिळतात हे शास्त्रज्ञ मेचनिकोव यांनी १८८२ साली सिसिलीत मेसिना इथे ताडलं. तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचून ठेवला, सकाळी काट्याभोवती पेशींचा घोळका. पण १९०८ चं नोबेल त्यांना पॉल एर्लिश यांच्याबरोबर विभागून मिळालं, आणि एर्लिश यांचा भर रक्तातल्या अँटीबॉडींवर होता. आमच्या वर्गांत पहिल्याचं चित्र फळ्यावर मोठं निघतं, दुसऱ्याला तास संपता संपता उरकतात. डेंग्यूत नेमकं ते दुसरं आणि टी पेशींचं काम जास्त महत्त्वाचं.

कळवा_खारेगाव, मेव्हणे बरे झाले हे छानच. पण ताप उतरून दोन-तीन दिवस गेले की प्लेटलेट्स बहुतेकांच्या आपोआपच चढतात. तेव्हा जे पोटात गेलेलं असेल त्याला श्रेय मिळतं, मग तो रस असो, किवी असो की बकरीचं दूध. डेंग्यूत आधीच मळमळतं, त्यात तो कडू रस ओकला तर प्यायलेलं पाणीही जाईल.

ढोकाळीकर_ताई

बाई, दादा, मनापासून आभार. आईला फलाटाचं उदाहरण लगेच पटलं, रस मोरीत गेला. आत्ता अजून एक रिपोर्ट आला: आयजीएम निगेटिव्ह, आयजीजी पॉझिटिव्ह. याला डेंग्यू झाल्याचं आम्हाला तरी आठवत नाही.

जांभळं_टोपण

आयजीएम आणि आयजीजी या दोन जातींच्या अँटीबॉडी. आयजीएम साधारण चौथ्या-पाचव्या दिवसापासून दिसायला लागतं, त्यामुळे आज निगेटिव्ह असण्यात नवल नाही. पहिल्यांदाच डेंग्यू झाला असेल तर आयजीजी इतक्या लवकर सहसा येत नाही. म्हणजे आधी कधीतरी होऊन गेला असण्याची शक्यता बरीच आहे. अनेकांना तो साध्या तापासारखा होतो किंवा कळतही नाही.

डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एकदा जो होतो त्याच्याविरुद्ध संरक्षण टिकतं, बाकी तिघांविरुद्ध थोडेच महिने. पुढे दुसरा प्रकार शिरला की जुन्या अँटीबॉडी त्याला चिकटतात, पण निकामी करू शकत नाहीत. उलट मोनोसाइटसारख्या पेशी अँटीबॉडीची शेपटी पकडून तिच्यासकट व्हायरस आत ओढून घेतात, म्हणजे त्याला आयता दरवाजा. बँकॉकमध्ये काम करणाऱ्या स्कॉट हॉलस्टेड यांनी १९६० च्या दशकात दुसऱ्या खेपेला मुलं जास्त गंभीर होतात हे पाहिलं, तिथून या विचाराला जोर आला. दुसऱ्या खेपेलाही बहुतेक लोक बरेच होतात, पण डॉक्टरांना हा रिपोर्ट आजच दाखवा.

ताप उतरला की सगळे सुटकेचा श्वास टाकतात, पण जपायचे दिवस तेच. त्या एक-दोन दिवसांत रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं, रक्त घट्ट होतं, पीसीव्ही (रक्तातला लाल पेशींचा टक्का) चढतो. ४२ चा ५० कडे जायला लागला, पोटात जोराचं दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, लघवी कमी झाली किंवा पोरगा सुस्त पडला, तर प्लेटलेट्सचा आकडा काहीही असो, थेट हॉस्पिटल गाठा. अंगदुखीला ब्रुफेन, ॲस्पिरिन अजिबात नको.

आणि बरा झाल्यावर "खात्रीसाठी" परत आयजीएम करू नका. ते दोन-तीन महिने पॉझिटिव्ह राहू शकतं, उगाच घरात घबराट.