डावखुऱ्यांनो, तुमचे अनुभव लिहा

रेघोटी
काल भाची समोर बसून शुद्धलेखन लिहीत होती. डाव्या हाताने. अक्षरं झाली की शिरोरेषा उजवीकडून डावीकडे सर्रकन ओढायची, कारण डाव्या हाताला पेन्सिल ढकलण्यापेक्षा ओढणं सोपं. कुणी शिकवलं नाही तिला. ते बघून मला माझी पहिली इयत्ता आठवली, बाई माझ्या हातातली पेन्सिल काढून उजव्या हातात द्यायच्या आणि त्या वळल्या की मी परत डाव्यात घ्यायचे. मारलं वगैरे कधीच नाही, पण आपल्या हातात काहीतरी खोट आहे असं खूप दिवस वाटत राहिलं. भाचीला तसं वाटू नये एवढंच. १३ ऑगस्टला डावखुऱ्यांचा दिवस असतो, १९७६ पासून साजरा होतो, त्या दिवशी शुभेच्छा येतात पण रोजच्या अडचणी कुणी विचारत नाही. म्हणून हा धागा. उजव्या हाताच्या आईबाबांनीही लिहा.

निळी करंगळी
आयडीतच सगळं आलं 😄 करंगळीच्या कडेपासून मनगटापर्यंत निळा पट्टा, आणि वहीत प्रत्येक ओळीवर धूर पसरल्यासारखं. जेल पेन तर बघायचंच नाही, लवकर वाळणारी शाई नाहीतर साधं बॉलपेन. स्पायरल वही मागून उघडून लिहायची म्हणजे तारा हाताखाली येत नाहीत. आणि ती खुर्ची, उजव्या बाजूला लिहायची फळी असलेली!! तीन तासांचा पेपर कंबर वळवून लिहिलाय, पाठ अशी भरून आली होती की काही विचारू नका

आनंदी७२
+१ खुर्चीला. बेंचवर मी कायम डावं टोक धरायचे, नाहीतर शेजारणीच्या कोपराशी भांडण ठरलेलं

टाकेवाली
कात्री कात्री कात्री. लोकांना वाटतं नुसत्या मुठीचा प्रश्न आहे. तसं नाही. उजव्या हाताने दाबलं की बोटांच्या जोराने पाती एकमेकांवर घट्ट बसतात, तीच कात्री डाव्या हातात घेतली की तोच जोर पाती फाकवतो, कापड कापलं न जाता मध्ये दुमडून अडकतं. वर पातं नेमकं खुणेच्या रेघेवर येतं, रेघ दिसतच नाही. मी शिवणकाम शिकताना "हात जड आहे तुझा" ऐकलंय कितीतरी वेळा. मग डावखुऱ्यांची खरी कात्री मिळाली, म्हणजे जिची पातीच उलटी बसवलेली असतात ती. पहिल्यांदा सुती कापडातून सरळ गेली तेव्हा डोळ्यात पाणी आलं हो. नुसत्या मुठी बदलून "दोन्ही हातांसाठी" म्हणून विकतात त्या घेऊ नका, पाती तीच असतात.

रेघोटी
@टाकेवाली ताई, हे पात्यांचं मला आजवर माहीत नव्हतं. भाचीसाठी आजच शोधते

मधलीसुट्टी
आम्ही दोघं उजवे, मुलगा डावा. घरात कुणीच नाही मग हा कुठून, असं सगळे विचारतात 🙂

डॉ_सुईदोरा
@मधलीसुट्टी अगदी नेहमीचं आहे, बहुतेक डावखुऱ्यांचे आईवडील उजवेच असतात. ठरावीक एक जनुक नाही यामागे. एकसारख्या जुळ्यांतसुद्धा एक डावा एक उजवा असू शकतो. पोटात असताना बाळ कुठल्या हाताचा अंगठा चोखतं यावरून पुढचा हात बऱ्याचदा कळतो, असं सोनोग्राफीच्या अभ्यासात दिसलंय. म्हणजे सवय लावून येणारी गोष्ट नाही ही. मी स्वतः डावखुरी सर्जन. टाके घालताना सुई धरायच्या चिमट्याचं लॉक उजव्या अंगठ्याने सहज सुटतं, डाव्याने तोच अंगठा उलट दिशेला रेटावा लागतो. शिकवणारे सगळे उजवे, त्यामुळे मी घरी जुन्या कापडावर टाके घालून घालून माझी पद्धत बसवली. ओटीत कॉल आहे, नंतर येते

खडूफळा
पहिली-दुसरीला शिकवतो. पालकांनी एवढं करा: कागद मुलाच्या अगदी समोर नको, थोडा डावीकडे ठेवा आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने तिरका करा. पेन्सिल टोकापासून जरा लांब धरू द्या म्हणजे लिहिलेलं दिसतं आणि मनगट वरून आकड्यासारखं वळवायची गरज पडत नाही. बुटाची नाडी शिकवताना शेजारी नाही, समोर बसा, मूल आरशात बघितल्यासारखं उचलतं. आणि हात बदलायला लावू नका, प्लीज.

मधलीसुट्टी
समोर बसून!! आम्ही महिनाभर शेजारी बसून शिकवतोय 🙏

गल्लीतलाबॅट्समन
सचिन सही डाव्या हाताने करतो, बॅटिंग बोलिंग उजव्याने. गांगुली बॅटिंग डावी, बोलिंग उजवी. मग डावखुरा नक्की कोणाला म्हणायचं

आनंदी७२
टेनिसवाला नदालपण तसाच, खेळायचा डाव्याने, लिहितो उजव्याने

गल्लीतलाबॅट्समन
बघा ना! हॉकीत तर डाव्या हाताची स्टिकच चालत नाही, सपाट बाजू डावीकडेच हवी असा नियम. माझी धाकटी बहीण तिथेच अडली होती, मग नेटाने उजव्या पद्धतीने शिकली, आता डिफेन्सला तिच्यासारखं कुणी नाही. फार अभिमान आहे तिचा

रंधा
सुतारकाम करतो. टेप डाव्या हाताने लावली की आकडे उलटे. ते चालतं, सवय होते. पण हातात धरायच्या गोल करवतीचं लॉक उजव्या अंगठ्यासाठी आणि भुसा आपल्याच अंगावर, हे गमतीचं नाही. चष्मा घातल्याशिवाय मशीनला हात लावू नका रे पोरांनो

शांतसंध्या
माझे बाबा लिहितात उजव्याने, बाकी सगळं डाव्याने. लहानपणी हात बांधून ठेवायचे म्हणे. इंग्लंडच्या सहाव्या जॉर्जलाही असंच जबरदस्तीने उजव्याने लिहायला लावलं होतं, राजपुत्र असून सुटका नाही. बाबा आता निवृत्तीनंतर चित्रं काढायला लागलेत आणि ब्रश आपोआप डाव्या हातात गेला. काय सुंदर रेषा आहे त्यांची!

रेघोटी
@शांतसंध्या बाबांना नमस्कार सांगा आणि एखादं चित्र टाका ना इथे

निळी करंगळी
मी माऊस डावीकडे घेऊन सेटिंगमधून बटणं बदलली, तर ऑफिसमध्ये जो माझ्या जागेवर बसतो तो ओरडतो 😄

आनंदी७२
ओरडू दे. टाकेवाली ताई, कात्री विकत घेताना डाव्या हाताची आहे हे कसं ओळखायचं?

टाकेवाली
टोक समोर करून धर, वरचं पातं डाव्या बाजूला असेल तर ती आपली. नेहमीच्या कात्रीत ते उजवीकडे असतं.