नगरपालिकेत काकी १४ मतांनी हरली. पुन्हा उभी राहताना काय बदलावे?

नमस्कार मंडळी,

मदत हवी आहे. माझी काकी २०२१ साली आमच्या नगरपालिकेच्या निवडणुकीत अपक्ष उभी राहिली आणि १४ मतांनी हरली. गावाचे नाव देत नाही, उत्तर गोव्यातले आहे एवढेच. तिला पुन्हा उभे राहायचे आहे. ती का हरली हे नीट कळल्याशिवाय घरच्यांनी परत दारोदार फिरू नये, असे मला वाटते.

काका म्हणतात, पैसा कमी पडला. मला ते पटत नाही. मी मतदार यादी घेऊन एकेक घर तपासले. प्रभागात हजाराच्या आत मतदार, म्हणजे एका मोठ्या एकत्र कुटुंबाने मन फिरवले तरी निकाल फिरतो. खालच्या वाड्यावर अशी दोन घरे आहेत. काकी तिथे एकदाच गेली, तीही भर दुपारी, बायका रांधपात असताना. समोरचा उमेदवार चवथीला (गणेश चतुर्थीला) प्रत्येक घरी माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या छताखाली, बसून आला होता, आणि तेव्हा तर निवडणुकीचे नावही नव्हते. शिवाय पणजी-पर्वरीला भाड्याने राहणारी, शनिवार-रविवारी घरी येणारी आमच्या ओळखीची तीसेक माणसे यादीत होती. त्यांना मतदानाला या म्हणून एक फोनसुद्धा आम्ही केला नाही. ही चूक सर्वस्वी आमची.

पण मला सर्वांत जास्त लागलेले वाक्य वेगळेच आहे. निकालानंतर शेजारची मावशी काकीला म्हणाली, "बाय, तू चांगली आहेस, पण निवडून येऊन एकटी काय करणार होतीस?"

गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे महापौर फक्त पणजीला. बाकी १३ नगरपालिकांत नगराध्यक्ष. दोन्ही पदे नगरसेवक आपल्यातून निवडतात, लोक थेट निवडत नाहीत. पक्षाची चिन्हे नसतात, म्हणून पॅनल, म्हणजे उमेदवारांचे गट, होतात, आणि पॅनलमागे बहुधा आमदार असतो. २०२१ मध्ये पणजीत ३० पैकी २५ जागा आमदार बाबूश मोन्सेरात यांच्या पॅनलला मिळाल्या, तेव्हाच महापौर कोण होणार हे ठरून गेले. मतदार हे सगळे ओळखून असतो. गटार, पथदीप, कचरा यांची कामे सत्तेतल्या गटाच्या प्रभागात आधी होतात असा त्याचा अनुभव असतो.

तर प्रश्न असा: काकीने पॅनलमध्ये जावे का? आणि प्रभाग राखीव झाला किंवा त्याच्या सीमा बदलल्या तर काय करायचे?

मांडवीकाठ:
दोन निवडणुका वेगळ्या धरा. प्रभागात माणूस ओळखीवर जिंकतो, नगराध्यक्ष आकड्यांवर होतो. आणि ते आकडेसुद्धा भरवशाचे नसतात. मडगाव आठवा. सप्टेंबर २०२२ मध्ये मडगावच्या आमदारासह काँग्रेसचे आठ आमदार भाजपमध्ये गेले. पालिकेत आता भाजपकडे बहुमत आहे असे सगळे धरून चालले होते, पण दोनच दिवसांनी गुप्त मतदानात भाजपच्या दामोदर शिरोडकरांना हरवून घनश्याम शिरोडकर १५ विरुद्ध १० मतांनी नगराध्यक्ष झाले. त्यानंतर सरकारने हात वर करून मतदान घेण्याची तरतूद आणली, अविश्वास ठराव आला आणि दामोदर शिरोडकर नगराध्यक्ष झाले. तेव्हा पॅनलच्या जोरावर काकींना पद मिळेल असे कुणी सांगितले तर त्यावर विसंबू नका. पॅनलमध्ये जायचे तर प्रभागातली दोन कामे आधी जाहीरपणे वदवून घ्या. ती कबूल करत नसतील तर अपक्षच बऱ्या.

शिरोड्याची सून:
आरक्षणाचे मी सांगते. अधिसूचना येईपर्यंत फलक छापू नका. २०२१ मध्ये महिलांना एक तृतीयांश जागा दिल्या नाहीत म्हणून उच्च न्यायालयाने मडगाव, म्हापसा, मुरगाव, सांगे आणि केपे या पाच पालिकांचे आरक्षण रद्द केले, सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरले. तिथले मतदान २० मार्चऐवजी एप्रिलमध्ये झाले. प्रारूप मतदार यादी लागली की सीमेवरची घरे आधी बघा. आमच्या वाड्यावरची काही घरे एकदा शेजारच्या प्रभागात गेली होती, ते कळले मतदानाच्या दिवशी.
आणि काकींना आत्तापासूनच खालच्या वाड्यावर जायला सांगा, संध्याकाळी, दिवेलागणीनंतर. मत मागू नका. बायका काय सांगतात ते ऐकून घ्या.

धागाकर्ता:
दोघांचे मनापासून आभार. दोन्ही उत्तरे काकीला वाचून दाखवली. पॅनलबद्दल ती म्हणाली, "गटाराचे कबूल करा म्हणून मीच विचारीन, चारचौघांत." खालच्या वाड्यावर नळाला दिवसाआड पाणी येते अशी तक्रार आहे, पण पाणीपुरवठा पालिकेच्या हातात नाही. अशा वेळी उमेदवाराने काय सांगावे? खोटे आश्वासन द्यायला ती तयार नाही. कुणी असा प्रश्न हाताळला असेल तर कृपया लिहा.