दोन व्हीएममधला (आभासी मशीनमधला) नेटवर्क स्पीड: एकाच बॉक्सवर २.८ गिगाबिट, दुसऱ्या बॉक्सवर ९४ मेगाबिट. खरा कोणता धरायचा?

लातूर_लॅब
नमस्कार मंडळी. लातूरला एका क्लासची ऑनलाईन टेस्ट सिस्टीम सांभाळतो. प्रॉक्समॉक्सचे (व्हीएम चालवायचं सॉफ्टवेअर) दोन बॉक्स हायेत. पहिल्यावर अ‍ॅपची व्हीएम आन डेटाबेसची व्हीएम, दुसऱ्यावर डेटाबेसची रेप्लिका (चालू नक्कल), सगळ्यात उबुंटू. रविवारी सगळी लेकरं एकदम लॉगिन करतात तवा पान उघडायला लई येळ लागूलालाय. सगळे म्हणूलालेत नेटवर्क स्लो हाय म्हणून आयपर्फ३ (स्पीड मोजायचं टूल) लावून बघितलं, तर अ‍ॅप ते डेटाबेस २.८ गिगाबिट आन अ‍ॅप ते रेप्लिका ९४ मेगाबिट. स्विच गिगाबिटचा हाय, मंग हे दोन्ही आकडे माझ्या डोक्यात बसंनात. क्लासवाले नवा स्विच घ्यायला तयार हायेत पण उगं त्यांचा पैसा घालवायचा नाही मला. कुठून धरावं?

गोदाकाठ_नांदेड
दादा स्विच घेऊ नका अजून. ९४ हा आकडा बघितला की लिंक १०० वर बसलीय असं समजायचं. हेडर वगैरे वजा जाता १०० च्या लिंकवर टीसीपीला ९४ च्या आसपासच मिळतं, आन गिगाबिटवर ९४१. दोन्ही होस्टवर (म्हणजे बॉक्सवर), व्हीएममधी नाही, होस्टवर, इथटूल (नेटवर्क कार्डाची माहिती देणारी कमांड) लावून स्पीडची ओळ बघा. गिगाबिटला केबलच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात, म्हणून एखादी जोडी तुटली किंवा टोकाच्या कनेक्टरचं क्रिंप नीट बसलं नसलं की लिंक गुपचूप १०० वर येती आन सगळं चालूच राहतं, कुणाला पत्ता लागत नाही. आधी केबल बदलून बघा.

खाम_किनारी
संभाजीनगरहून. वरच्या दादांचं बरोबरे, पण २.८ चं वेगळं बोलावं लागेल. एकाच होस्टवर एकाच ब्रिजला (होस्टमधल्या आभासी स्विचला) लावलेल्या दोन व्हीएमचं पॅकेट नेटवर्क कार्डापर्यंत जातच नाही, केबल नाही स्विच नाही, होस्टचा कर्नलच (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) ते इकडून तिकडं देतो. म्हणजे तो आकडा नेटवर्कचा नाहीच, तो सीपीयू, मेमरी आणि व्हर्च्युअल कार्डाच्या ड्रायव्हरचा आकडाय. त्यामुळं या दोन टेस्टची एकमेकींशी तुलनाच करू नका.

आता २.८ मला कमी वाटतो. व्हीएममधी इथटूलला डॅश आय लावून ड्रायव्हर बघा. ई१००० निघाला तर तिथंच गोम आहे, कारण त्यात इंटेलच्या जुन्या कार्डाची नक्कल सॉफ्टवेअरमधी चालती, गेस्टनं (म्हणजे व्हीएमनं) कार्डाला हात लावला की दर वेळी हायपरव्हायजरला (व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) मधी पडावं लागतं. व्हर्टआयओ (व्हीएमसाठीच बनवलेलं कार्ड) केलं तर हा खर्च खूप कमी होतो. बदलताना प्रॉक्समॉक्सचा कन्सोल उघडा ठेवा, आत इंटरफेसचं नाव बदललं तर एसएसएच (लांबून केलेलं लॉगिन) जाईल.

आणि टेस्ट नीट घ्या. आधी होस्ट ते होस्ट, मग व्हीएम ते दुसरा होस्ट, मग व्हीएम ते व्हीएम. एकेक थर वाढवत गेलं की आकडा कुठं पडला ते दिसतं. उलट्या दिशेनं पण चालवा, आयपर्फ३ ला कॅपिटल आर लावून, कधीकधी एकाच दिशेला घोळ असतो. कॅपिटल पी देऊन चार स्ट्रीम (समांतर प्रवाह) सोडा, पण आयपर्फ३ ची ३.१६ च्या आधीची व्हर्जन असेल तर सगळे स्ट्रीम एकाच थ्रेडवर चालतात, म्हणजे एक कोर भरला की आकडा तिथंच अडकतो आणि दोष नेटवर्कवर जातो. टेस्ट चालू असताना टॉप (सीपीयूचा वापर दाखवणारी कमांड) उघडा ठेवायचाच. गेस्टमधी एसटी (सीपीयूची वाट बघण्यात गेलेला वेळ) वाढलेला दिसला तर होस्टवर व्हीसीपीयूंची (व्हीएमना दिलेल्या आभासी सीपीयूंची) गर्दी झालीय. यूडीपी (पोच न घेता पाठवायची पद्धत) लावणार असाल तर स्मॉल बी देऊन रेट सांगा, नाहीतर आयपर्फ३ आपलं १ मेगाबिटच पाठवतं आणि माणूस घाबरतो.

लातूर_लॅब
बघितलं. दुसऱ्या होस्टची लिंक १०० वरच होती, केबल बदलली, आता होस्ट ते होस्ट ९४० च्या आसपास येऊलालंय. अ‍ॅप आन डेटाबेस दोन्हीत ई१००० होता, व्हर्टआयओ केलं, आता १४ गिगाबिटच्या वर. दोघांचे लई आभार. पण पान तेवढंच हळू उघडूलालंय.

परभणीची_डीबीए
दादा, पान हळू असल्याचं उत्तर या गिगाबिटमधी मिळायचं नाही. आयपर्फ मोठा ढीग एकदम ढकलून बघतं, तुमचं अ‍ॅप मात्र एक छोटी क्वेरी (डेटाबेसला विचारणा) पाठवतं, उत्तराची वाट बघतं, मग दुसरी पाठवतं. तिथं जाऊन यायला किती वेळ लागतो तेच महत्त्वाचं. नेटपर्फ (मोजायचं दुसरं टूल) टाका आन त्यातली टीसीपी आरआर (विचारणा आन उत्तर) टेस्ट चालवा. सेकंदाला किती फेऱ्या झाल्या ते सांगती. समजा ५००० आल्या, म्हणजे एका फेरीला ०.२ मिलिसेकंद. पान बनायला २०० क्वेऱ्या एकामागून एक जात असतील तर नेटवर्कचा वाटा ४० मिलिसेकंद, एवढ्यानं कुणी खोळंबत नाही. पण क्वेऱ्या २००० असल्या तर ४०० होतात, आन ते कार्ड बदलून नाही, क्वेऱ्या कमी करूनच सुटतं.

ही टेस्ट रिकाम्या वेळी एकदा आन रविवारी लेकरं बसलेली असताना एकदा घ्या, दुसऱ्या वेळी फक्त काही सेकंदच चालवा, त्यांच्या पेपरला त्रास नको. दोन्ही आकडे जवळजवळ असले तर नेटवर्क मोकळं आहे, मग स्लो क्वेरी लॉग, कनेक्शनची मर्यादा आन डिस्कचा वेट (डिस्कसाठी थांबायचा वेळ) बघायचा. फाईल कॉपी करून स्पीड मोजू नका, त्यात डिस्क आन एसएसएचचं एन्क्रिप्शन दोन्ही मिसळतं.

लातूर_लॅब
ताई, आत्ता रिकाम्या वेळी चालवलं, ७२०० च्या आसपास आलं. एका पानाला किती क्वेऱ्या जातात ते लॉगमधी मोजूलालोय. रविवारचा आकडा इथंच टाकतो.

गोदाकाठ_नांदेड
टाका नक्की. आन ती जुनी केबल कपाटात ठेवू नका, कापून टाका, नाहीतर कुणीतरी परत लावतं.