जुन्या अ‍ॅम्बॅसेडरचा सेल्फ

दादा, सेल्फ (इंजिन सुरू करणारी स्टार्टर मोटर) नुसता घर्र फिरतोय आणि इंजिन हलत नाही म्हणताय ना, मग लगेच नवा घेऊ नका, बहुतेक बेंडिक्सचं पिनियन, म्हणजे सेल्फच्या दांड्यावर सरकून इंजिनला अडकणारं छोटं दातेरी चाक, कचऱ्याने चिकटलंय. माझ्या मार्क टू अ‍ॅम्बॅसेडरला अगदी हेच झालेलं. आधी बॅटरीची अर्थ केबल काढा (मी एकदा विसरलो, पान्याने अशी ठिणगी उडवली की बास), मग सेल्फची वायर, मग दोन बोल्ट, पण वजनदार असतो तेव्हा खालून हात द्या. बेंडिक्स रॉकेलने स्वच्छ धुवा आणि तिथे ग्रीस अजिबात नको!! आमच्या इथल्या एका मिस्त्रीने प्रेमाने थापलं होतं, क्लचची धूळ बसून महिन्यात परत तेच. उघडलाच आहे तर कार्बन (करंट देणारे ब्रश) बघून घ्या, कम्युटेटर (ते ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल भाग) बारीक काचपेपरने पुसा, एमरी पेपर नको कारण त्याचे कण तांब्यात रुततात, आणि डायनॅमोसारखा (बॅटरी चार्ज करतो तो) पट्ट्यांमधला मायका (अभ्रक) कोरायचा नाही, सेल्फला तो तसाच ठेवतात. बुश (दांडा ज्यात फिरतो त्या धातूच्या नळ्या) नवे टाकणार असाल तर आदल्या दिवशीच पातळ इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा, चोवीस तास तरी.