चीनला वैरी म्हणायचं की दोस्त?

भोसरीकर

भोसरीत माझं छोटं वर्कशॉप आहे, अकरा माणसं. इलेक्ट्रिक स्कूटरच्या मोटरचे रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, करतो. रोटरच्या खाचांत निओडिमियमची चुंबकं बसवायची असतात. दिसायला चुइंगमच्या कांडीएवढी, पण दोन चुंबकांच्या मध्ये बोट सापडलं तर नख आठवडाभर काळंनिळं. ही सगळी चुंबकं चीनमधल्या निंगबोहून येतात.

४ एप्रिल २०२५ ला चीनने सात दुर्मिळ मूलद्रव्यांवर (रेअर अर्थ) आणि ती वापरून केलेल्या चुंबकांवर निर्यात परवाना लावला. माझी चुंबकंही त्यात आली. मग माझ्याकडे एक फॉर्म आला. हा माल कुठे वापरणार, कोणाला विकणार, आणि लष्करी कामासाठी वापरणार नाही अशी लेखी हमी. अकरा माणसांच्या वर्कशॉपने चीनच्या सरकारला लिहून द्यायचं की बाबांनो, मी तुमच्यावर शस्त्र उगारणार नाही! दिलं लिहून. तरी दोन महिने प्रेस मशीन झाकून बसलो आणि पगार उसनवारीवर केले.

एवढं होऊनही माझं मत ऐका, चीनशी जुळवून घ्यावं. तिकडची सेल्सवाली मुलगी रात्री अकरालाही ड्रॉइंगमधली चूक दाखवते. रोटर पक्का धरून ठेवायची पहिली चार जिग्ज मी त्यांच्याच फोटोंवरून केली. ज्याच्याकडून शिकायचं त्याच्या दारात रोज भांडण काढून कसं चालेल? आमच्या संघटनेच्या ग्रुपवर हे लिहिलं तर एकाने थेट ‘देशद्रोही’ म्हटलं. इथे जरा शांतपणे बोलूया.

फौजी आबा

शांतपणेच बोलतो. मी मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालो, दोन हिवाळे लडाखमध्ये काढलेत. १५ जून २०२० च्या रात्री गलवानमध्ये आपले २० जवान गेले, कर्नल संतोष बाबू त्यांत होते. गोळी एकही नाही. १९९६ च्या करारात ताबारेषेजवळ गोळीबार करायचा नाही असं ठरलंय, म्हणून खिळे ठोकलेले दांडके आणि दगड. करारातला शब्द पाळायचा आणि माणसं मारायचीच, याला दोस्ती म्हणतात का?

त्या आधी काय होतं? २९ एप्रिल १९५४ ला पंचशील, आठ वर्षांनी युद्ध. लडाखमधल्या रेझांग ला खिंडीत १३ कुमाऊंच्या चार्ली कंपनीतले बहुतेक सगळे जागेवर पडले. महिन्यांनी बर्फ वितळल्यावर लोक वर गेले तेव्हा मृतदेह खंदकांत हत्यारं धरलेल्या अवस्थेत सापडले. आम्हाला तिथे उभं करून हे सांगायचे. थंडीने नाही, त्याने अंगावर काटा यायचा.

तुमचं नख काळं झालं, मान्य. पण हिशेब नीट करा.

सोलापुरी चादर

आबा, तुमच्यापुढे बोलायची माझी लायकी नाही, पण आमच्या गावातून एक माणूस तिकडे गेला होता त्याची आठवण काढल्याशिवाय हा विषय संपू नये. डॉ. द्वारकानाथ कोटणीस. जपानने चीनवर हल्ला केल्यावर १९३८ मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यातले एक. नागपूरचे डॉ. चोळकरही त्यात होते. बाकीचे परतले, कोटणीस राहिले. तिथली भाषा शिकले, तिथल्याच नर्सशी लग्न केलं, जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ ला वयाच्या ३२ व्या वर्षी गेले. त्यांचं स्मारक तिकडेही आहे आणि सोलापुरात भैया चौकाजवळच्या घरातही.

तिरकस

कोटणीसांबद्दल आदर आहेच. पण गंमत बघा, चिनी नेता भारतात आला की कोटणीसांच्या नातेवाइकांना भेटतो, फोटो निघतो. फोटो छापून आला की लगेच अरुणाचलातल्या गावांना नवीन चिनी नावं. ते ज्या चीनसाठी मेले तो उपाशी, मार खाणारा चीन होता. आज समोर आहे तो वेगळाच प्राणी.

आणि धागाकर्ते, वैरी-दोस्त सोडा, नुसतं स्पर्धक म्हणायलाही निदान तुल्यबळ तरी असावं लागतं. १९९० च्या आसपास दोघांचं दरडोई उत्पन्न जवळजवळ सारखं होतं. आज त्यांची अर्थव्यवस्था आपल्या जवळपास पाचपट आहे. २०२४-२५ मध्ये आपण त्यांच्याकडून ११३ अब्ज डॉलरचा माल घेतला आणि १४ अब्जांचा दिला. याला स्पर्धा म्हणत नाहीत, उधारीचं खातं म्हणतात.

अदिती प.

मला दोन्ही बाजूंचा भावनेचा सूर पटत नाही. औषधांचं घ्या. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ मध्ये उभा राहिला, देशातला पहिला पेनिसिलिनचा कारखाना, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने. आजी सांगायची, त्या भागात बसस्टॉपचं नावच ‘एचए’ पडलं. पुढे चीनने प्रचंड मोठ्या टाक्यांत किण्वन करून तोच कच्चा माल इतका स्वस्त विकला की आपल्याकडे तो बनवणं परवडेना. मी एका औषध कंपनीच्या खरेदी विभागात आहे. अ‍ॅमॉक्सिसिलिनची गोळी इथे दाबली जाते, पण तिचा मूळ रेणू बहुतेक वेळा तिकडून आलेला असतो.

हे कोणी वैराने केलं का? त्यांनी आपल्या कारखान्यांना पाठबळ दिलं, आपण स्वस्त मिळतंय म्हणून घेत गेलो. आबा, राग चीनवर काढा, पण थोडा पिंपरीसाठीही राखून ठेवा.

फौजी आबा

राखून ठेवतो. पण ताई, स्वस्तात विकून दुसऱ्याची भट्टी विझवणं हेही हत्यारच आहे. आणि ‘ऑपरेशन सिंदूर’च्या वेळी पाकिस्तानला आपल्या हालचालींची माहिती चीनकडून चालू होती, हे आपल्याच लष्कराच्या उपप्रमुखांनी जुलै २०२५ मध्ये जाहीरपणे सांगितलं.

नाना बेदाणावाले

तासगावहून लिहितोय. आमच्याकडे चिनी बेदाणा अफगाणी म्हणून चोरवाटेने येतो आणि आमच्या सुकवायच्या रॅकवरच्या मालाचा भाव पडतो. पण शेतात फवारणीला जे औषध मारतो त्याच्या मुळाशीही चीनच, आणि रॅकवर टाकायची जाळीसुद्धा! मी कोणाचं नाव घेऊन बोंबलू? आमच्या गल्लीत २०२० ला चिनी टीव्ही फोडला एकाने. पुढच्या दिवाळीला त्याच्या घरी जास्त मोठा टीव्ही आला, आतून तोच.

तिरकस

नाना 😄 नागपूर मेट्रोचे डबेही चीनच्या दालियानमधूनच आले होते. त्यात बसून लोक बहिष्काराचे मेसेज पाठवत होते.

भोसरीकर

आबा, सिंदूरचं माहीत होतं, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. ‘दोस्त’ हा शब्द मी मागे घेतो. पण मुद्दा सोडत नाही.

तळेगावचं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. जनरल मोटर्सचा कारखाना ग्रेट वॉल ही चिनी कंपनी घेणार होती. जून २०२० मध्ये राज्य सरकारशी करार झाला आणि त्याच दिवसांत गलवान झालं. करार रखडला, दोन वर्षं परवानगीची वाट बघून कंपनी निघून गेली, शेवटी कारखाना ह्युंदाईकडे गेला. चिनी मालकाला जमीन दिली नाही, ठीक. मीही तेव्हा बरं झालं म्हणालो. पण माल तर येतच राहिला! कारखाना इथे आला असता तर आमच्या चार पोरांनी तिथली लाइन आतून बघितली असती. आता फक्त पेटी येते, फोडायची आणि वापरायची. सीमेवर कडक राहा, शंभर टक्के. पण पेटी घ्यायची आणि कारखाना नको, हा व्यवहार मला उलटा वाटतो.

अमेरिकेचंही बघा. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांनी आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लावलं आणि त्याच महिन्याच्या शेवटी आपले पंतप्रधान तियानजिनमध्ये शी जिनपिंगना भेटले. ज्याला मित्र म्हणत होतो त्याने कान पिळला म्हणून दुसऱ्याकडे गेलो. आमच्या एमआयडीसीतला लेथवालाही ऑर्डर तुटली की असाच शेजारच्या शेडमध्ये जातो.

अदिती प.

चुंबकांबद्दल विचारायचं होतं. केरळ आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट, म्हणजे या दुर्मिळ मूलद्रव्यांचं खनिज, आहे ना? १९५० पासून सरकारी कंपनी त्यावर काम करतेय. मग अडलं कुठे?

भोसरीकर

वाळू आहे. ऑक्साइडही काढतो. त्यापुढे धातू, मिश्रधातू, मग भुकटी चुंबकीय क्षेत्रात दाबून भट्टीत भाजायची, या पायऱ्या मोठ्या प्रमाणावर आपल्याकडे नाहीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने ७,२८० कोटींची योजना मंजूर केली, वर्षाला ६,००० टन चुंबकांची. भट्टी पेटून माझ्या टेबलावर पहिला तुकडा येईपर्यंत मी निंगबोलाच फोन करणार. मधल्या काळात दुर्मिळ मूलद्रव्य न लागणारी फेराइट चुंबकं घालून एक मोटर केलीय. चालते, पण तेवढ्याच ताकदीला जाडजूड झाली. गिऱ्हाइकाने उचलून बघितली आणि म्हणाला, ही स्कूटरची की पिठाच्या गिरणीची?

फौजी आबा

ती जाड मोटर टाकून देऊ नका.

आणि एक विचारतो, राग मानू नका. माझा पुतण्या आयटीआय फिटर आहे, साताऱ्याला घरी बसलाय. तुमच्याकडे माणूस लागतो का?

भोसरीकर

पाठवा आबा. सोमवारी सकाळी आठला. चुंबकांजवळ अंगठी आणि घड्याळ घालून येऊ नको म्हणावं.