बी.कॉम. दुसऱ्या वर्षातून पुण्याला जाऊ का?

शाहूपुरीकर:
शिवाजी विद्यापीठाचं बी.कॉम., दुसरं वर्ष, आतापर्यंत ६८ टक्के. इक्विटी रिसर्चमध्ये, म्हणजे शेअर घ्यावा की नाही यासाठी कंपन्यांचा अभ्यास करण्याच्या कामात, जायचंय. आमच्या कॉलेजात एकही ब्रोकिंग कंपनी फिरकत नाही. तिसऱ्या वर्षाला पुण्याला बदली घेऊ म्हणतोय. वडिलांची गुळाची अडत आहे. ते म्हणतात, "हितं काय कमी हाय?" कुणी असं केलंय का?

पंचगंगाकाठ:
मी केलंय भावा. विद्यापीठ बदललं की मायग्रेशन सर्टिफिकेट, जुन्या कॉलेजचा ना हरकत दाखला आलाच. पण खरा घोळ विषयांचा. माझे दोन पेपर जुळेनात, ते तिथं परत दिले, त्यात अख्खं सत्र गेलं. आणि तिसऱ्या वर्षाला आलेल्या पोराला तिथंही कोण ओळखत नाही. प्लेसमेंटची यादी आधीच पाठवलेली. खोलीभाडं वेगळंच. त्यापेक्षा पदवी हितंच काढ, एमबीएला बाहेर पड.

आर्टिकलवाली:
किंवा सीए. वाणिज्य पदवीला ५५ टक्के असले की फाउंडेशन ही पहिली परीक्षा न देता थेट इंटरमीडिएट ही दुसरी. तिचे दोन्ही ग्रुप, म्हणजे पेपरांचे गट, काढून मग आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखाली उमेदवारी, आता २ वर्षांची, ती मुंबईत कर. रिसर्चच हवं असेल तर सेबीच्या एनआयएसएम या शेअर बाजाराचं शिक्षण देणाऱ्या संस्थेची रिसर्च ॲनालिस्टची परीक्षा आहे, तिला कॉलेज कुठलं ते कुणी विचारत नाही. साखर कारखान्यांचे ताळेबंद वाचायला घे. ऊस तुझ्या दारात आहे, पुण्यातल्या पोरांच्या नाही.

शाहूपुरीकर:
ताळेबंदाचं डोक्यात नव्हतं. वडिलांना अजून काही बोललो नाही, नाहीतर उद्यापासून अडतीवर बसवतील.