८,००० पौंडांत जुनी कॅम्पर व्हॅन: टी२५ घ्यावी का, आणि बघताना काय तपासायचं?

लीड्सकर

नमस्कार मंडळी. आम्ही चौघं, मुलं सात आणि दोन वर्षांची. यॉर्कशायर डेल्स, स्कॉटलंड असं सुट्टीत फिरायला जुनी कॅम्पर व्हॅन घ्यायचा विचार आहे. सगळं धरून बजेट ८,००० पौंड. फोक्सवॅगनची जुनी 'बे विंडो' टी२ आवडते, पण धड अवस्थेतली या पैशांत मिळत नाही, म्हणून तिच्यानंतरचं मॉडेल टी२५ बघतोय. एक नजरेत भरली आहे: १९८४ची, १.९ पेट्रोल वॉटरकूल्ड, होल्ड्सवर्थ कंपनीचं आतलं काम, वर उघडणारा टप. मागताहेत ७,२००. विकणारे म्हणतात, 'गंज नाही, किरकोळ रंगकाम आहे, एमओटीची गरजच नाही' (एमओटी म्हणजे गाडीची सक्तीची वार्षिक तपासणी).

मला तेल बदलणं, प्लग बदलणं इतपत जमतं. वेल्डिंग येत नाही. प्रश्न असे: गंज नेमका कुठे बघायचा? हे इंजिन कसं? मुलांना मागे बसवता येईल का? नातेवाईक हॅरोला आहेत, तर लंडनच्या यूलेझचं (प्रदूषण करणाऱ्या गाड्यांवरच्या रोजच्या शुल्काचं) काय?

गंजपारखी

आधी पैशांचं बोलू. ८,००० हातात असतील तर गाडी ५,५०० ते ६,०००ची बघा. उरलेले दोन-अडीच हजार पहिल्या वर्षात टायर, ब्रेक होज, पेट्रोल पाइप, कूलंट होज आणि थोडं वेल्डिंग यांत जातातच. ७,२०० देऊन टाकलेत तर पहिल्या मोठ्या कामाला गाडी अंगणात उभी राहील.

आता पत्रा. या गाडीत इंजिनापेक्षा पत्रा महत्त्वाचा, हे मी पुन्हा पुन्हा सांगेन. इंजिन दोन दिवसांत बाहेर काढून बदलता येतं. पत्र्याच्या कामाला गॅरेजवाले ताशी ६० ते ८० पौंड लावतात, आणि एक भोक उघडलं की शेजारी तीन सापडतात.

टी२५ची बॉडी मोठमोठ्या पॅनेलांची आहे आणि त्यांच्यामधले उभे-आडवे सांधे सीलंटने भरलेले असतात. चाळीस वर्षांत ते सीलंट आक्रसतं, केसाएवढी चीर पडते, पाणी आत शिरतं आणि गंज आतून बाहेर येतो. म्हणून सांध्यावर रंगाचा एवढासा फुगवटा दिसला तरी आतला पत्रा बराच खाल्लेला असतो. प्रत्येक उभ्या सांध्यावरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवा. सांधा रेषेसारखा स्पष्ट जाणवला पाहिजे. कुठे तो अचानक गुळगुळीत होऊन नाहीसा झाला असेल तर तिथे पुट्टी भरली आहे. फ्रिजवर लावायचं पातळ, चपटं लोहचुंबक सोबत न्या. पुट्टीवर ते घसरून पडतं.

मग या जागा: पुढच्या काचेच्या रबराचे खालचे कोपरे (तिथून पाणी पायाशी येतं, मॅट उचलून खालचा पत्रा बघा), बाजूच्या काचांचे खालचे कोपरे, टपाच्या कडेची पन्हळ, चाकांच्या कमानी, सरकत्या दाराखालचा सिल, चारही जॅकिंग पॉइंट, आणि मागच्या बंपरच्या वरचे दोन्ही कोपरे. खाली झोपून जॅकिंग पॉइंटवर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. घट्ट पत्रा टणटण वाजतो, कुजलेला भद्द आवाज करतो. टोक खुपसण्याआधी मालकाला विचारा. तो नाही म्हणाला तर त्यातही उत्तर आहेच.

सगळ्यात फसवी जागा म्हणजे किचनच्या कपाटामागची भिंत. तिथे इन्सुलेशन ओलावा धरून ठेवतं आणि बाहेरून काही दिसत नाही. कपाटाचा ड्रॉवर काढा, टॉर्च आत घाला आणि खालच्या कडेचा पत्रा बघा. कुबट वास आला की समजून जा.

खालून ताजा काळा अंडरसील (गंजरोधक लेप) फासला असेल तर किंमत आणखी खाली धरा. चांगला पत्रा लपवायचं कारण नसतं. याउलट रंग विटलेला, पण सांधे कोरडे आणि तळ जसाच्या तसा दिसणारी गाडी मिळाली तर तीच घ्या. रंग पुढे कधीही देता येतो.

लीड्सकर

विकणाऱ्यांच्या फोटोंत तळ काळाकुळकुळीत, एकदम नवा दिसतोय. म्हणजे बाद?

गंजपारखी

बाद नाही, पण एमओटीचा इतिहास बघितल्याशिवाय तिकडे जाऊ नका. सरकारी संकेतस्थळावर नंबर प्लेट टाकली की २००५च्या आसपासपासूनच्या तपासण्या फुकट दिसतात. त्यात 'कोरोडेड' (गंजलेलं) हा शब्द कुठल्या जागेला लागलाय ते एका कागदावर वर्षवार लिहून काढा. एकाच जागेची सूचना तीन-चार वर्षं येत असेल आणि मग नापास होऊन पंधरा दिवसांत पास असेल, तर वरून पत्र्याचा तुकडा चिकटवलाय. 'तळाला अंडरसील असल्याने दिसत नाही' अशी नोंद परीक्षक स्वतःही करतात. मैलांचे आकडेही क्रमाने वाढताहेत ना ते बघा. या गाड्यांचा ओडोमीटर पाच आकडी असतो, १ लाखानंतर पुन्हा शून्यापासून सुरू होतो.

वॉटरबॉक्सर

इंजिनाबद्दल मी लिहितो. १९८४ची १.९ म्हणजे बहुधा डीजी कोडचं, ७८ अश्वशक्तीचं, कार्बोरेटरवालं. आडवं, चार सिलिंडरचं, मागे बसवलेलं. टायमिंग बेल्ट नाही, कॅमशाफ्ट गिअरवर चालतो, त्यामुळे बेल्ट तुटून इंजिन बसण्याची भीती नाही. नीट ठेवलं तर खूप चालतं. मरतं ते कूलंटच्या हेळसांडीने.

कारण असं. सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या जागेला आणि हेडला (सिलिंडर झाकणाऱ्या भागाला) जोडणारं सील रबराचं आहे. हेड अॅल्युमिनियमचं. फॉस्फेट असलेलं कूलंट किंवा नुसतं नळाचं पाणी वर्षानुवर्षं राहिलं की रबराखालची अॅल्युमिनियमची कड खड्डे पडून खराब होते, आणि पाणी तिथून बाहेर झिरपायला लागतं. गाडीच्या मागे झोपून दोन्ही बाजूंचे हेड जिथे ब्लॉकला भेटतात ती आडवी रेघ बघा. तिथे पांढरा किंवा हिरवट, मिठासारखा सुकलेला थर असेल तर गळती सुरू आहे. दुरुस्तीला हेड काढावे लागतात, काढताना गंजलेले स्टड तुटतात, आणि ८०० वाटलेलं काम २,०००वर जातं.

मागची नंबर प्लेट खाली दुमडली की आत कूलंटची टाकी दिसते. रंग स्वच्छ हवा. तपकिरी, गढूळ असेल तर रेडिएटर आणि होजही गाळाने भरले असणार. इंजिन मागे, रेडिएटर पुढे, म्हणून तळातून दोन लांब पाइप जातात आणि बऱ्याच गाड्यांत ते प्लास्टिकचे असतात. टोकाशी धातूची नळी बसते तिथेच ते दगा देतात. स्टेनलेसचे बसवले असतील तर त्याची पावती मागा.

मालकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा की इंजिन पूर्ण थंड हवं. पोचल्यावर पहिला हात इंजिनच्या झाकणावर. गरम लागलं तर थंड स्टार्टचा त्रास लपवलाय, बहुतेक वेळा कार्बोरेटरच्या ऑटोचोकचा. सुरू झाल्यावर वीस मिनिटं चालवा आणि मग उभी करून पुढचा रेडिएटर फॅन आपोआप लागेपर्यंत थांबा. तापमानाचा काटा मध्यावरच्या लाल दिव्यापाशी स्थिरावला पाहिजे. दिवा लुकलुकत राहिला तर पाणी कमी आहे किंवा सेन्सर गेलाय.

घेतल्यावर पहिलं काम: कूलंट पूर्ण काढून फोक्सवॅगनच्या मानकाचं फॉस्फेटविरहित कूलंट निम्मं पाणी घालून भरा. सोळा-सतरा लिटर लागतं. एअर काढायची पद्धत वेगळी आहे आणि इथे खूप जण चुकतात. गाडीचं नाक जवळपास ४० सेंटिमीटर वर उचला, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातला ब्लीड स्क्रू सैल करा, इंजिन २,००० आरपीएमवर धरून मागून कूलंट ओतत राहा. बुडबुडे थांबून सलग धार आली की स्क्रू घट्ट करा. सपाट जागेवर केलं तर हवा पुढे अडकते आणि पहिल्या चढावर इंजिन तापतं.

आणखी एक, आणि यात हयगय नको: पेट्रोलचे सगळे रबरी पाइप. सप्टेंबर २०२१पासून इथलं साधं पेट्रोल ई१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं) आहे, जुनं रबर त्यात लवकर फुटतं, आणि मागे गळलं की थेट गरम इंजिनवर. या गाड्या जळतात त्या यामुळे. आर९ दर्जाचा पाइप आणि नव्या क्लिपा मिळून ५० पौंडांच्या आत काम होतं. टाकीच्या वरच्या हवेच्या नळ्याही कुजतात. टाकी काठोकाठ भरल्यावरच पेट्रोलचा वास येत असेल तर दोष तिथेच असतो.

आईचा_डबा

मुलांच्या सीटचा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो, म्हणून वेगळं लिहिते. इथल्या कायद्याने मूल १२ वर्षांचं किंवा १३५ सेंटिमीटर उंच होईपर्यंत, यांतलं जे आधी होईल तोवर, त्याला योग्य कारसीट लागते. तुमच्या दोघांनाही लागणार. आडव्या, भिंतीकडे पाठ असलेल्या सीटवर कारसीट बसवता येत नाही. पुढे तोंड असलेलं मागचं बाक हवं. ऐंशीच्या दशकातल्या पुष्कळ गाड्यांत मागे फक्त कमरेचा पट्टा असतो किंवा काहीच नसतं.

मागच्या बाकाखाली वाका आणि पट्ट्याचे बोल्ट कुठे गेलेत ते बघा. प्लायवुडच्या पेटीला बसवलेला पट्टा धडकेत पेटीसकट पुढे येतो. बोल्ट गाडीच्या पत्र्यात, खालून जाड पट्टी लावून बसवलेले हवेत. तीन बिंदूंचे पट्टे नसतील तर चाचणी झालेलं, पट्ट्यांसकट येणारं बेडसीट आणि बसवण्याची मजुरी धरून दीड-दोन हजार बाजूला ठेवा. हा खर्च जमत नसेल तर ही गाडी तुमच्या कुटुंबाला योग्य नाही, ती कितीही सुंदर असो. कारसीट सोबत नेऊन तिथेच बसवून बघा.

गॅस: सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारं भोक हवंच, कारण एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की तळाशी साचतो. रबरी नळीवर छापलेलं साल वाचा, पाच वर्षांपेक्षा जुनी असेल तर बदला. सांध्यांवर साबणाचं पाणी लावून फेस येतो का बघा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा आणि रात्री गॅस पेटवून ऊब घेऊ नका. फ्रिज तीन प्रकारे चालणारा असेल तर १२ व्होल्टवर तो फक्त गाडी चालू असताना वापरायचा, उभ्या गाडीत रात्रीतून बॅटरी रिकामी करतो. फोडणी शक्यतो बाहेरच्या शेगडीवर द्या. तेलाचा धूर टपाच्या कापडात बसला की पुढे तिथेच बुरशी धरते.

कागदवाला

चाळीस वर्षांचा नियम: १ जानेवारी १९८५च्या आधी बनलेल्या गाड्यांना १ एप्रिल २०२५पासून रोड टॅक्स माफ. पुढे दर वर्षी एक-एक साल सरकतं. पण हे आपोआप होत नाही. व्ही५सीवर (गाडीच्या नोंदणीच्या कागदावर) टॅक्स क्लास 'हिस्टॉरिक' लिहिलंय का बघा. नसेल तर पोस्ट ऑफिसमध्ये व्ही५सी नेऊन बदलून घ्यावा लागतो. हिस्टॉरिक क्लास असेल तर यूलेझ लागत नाही, हॅरोला बिनधास्त जा. १९८७ची पेट्रोल टी२५ घेतलीत तर चाळिशी गाठेपर्यंत त्या हद्दीत गाडी काढाल त्या प्रत्येक दिवशी १२.५० पौंड.

'एमओटीची गरज नाही' म्हणजे कायद्याने सूट आहे एवढंच. ऐच्छिक एमओटी कधीही करता येते, कमाल शुल्क ५४.८५ पौंड. विकणाऱ्याला सांगा, पैसे मी देतो, तुमच्या गावातल्या केंद्रावर नवी एमओटी करू आणि मी तिथे उभा राहीन. गाडी लिफ्टवर चढली की त्या काळ्या तळाची खरी अवस्था कळेल.

व्ही५सी हा मालकीचा पुरावा नाही, त्यावर फक्त नोंदणीकृत वापरकर्ता असतो. म्हणून त्यावरच्या पत्त्यावरच गाडी बघा, चासी नंबर जुळवा, थकीत कर्ज आणि चोरीची तपासणी करा, मगच पैसे. आधीचा टॅक्स तुमच्या नावावर येत नाही. शून्य पौंडांचा असला तरी तुम्हाला नव्याने काढावा लागतो, आणि विमा निघाल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नका. विमा 'अॅग्रीड व्हॅल्यू'चा (आधीच ठरवलेल्या किमतीचा) घ्या, नाहीतर अपघातानंतर कंपनी जुन्या गाडीची किंमत स्वतःच्या मनाने लावते. घरात कोणी भारतीय लायसन्सवर चालवणार असेल तर ते इथे राहायला आल्यापासून १२ महिनेच चालतं.

डोंगरवाट

दुसरा पर्याय सुचवतो. टॅल्बट एक्स्प्रेस या व्हॅनवर बांधलेल्या कॅम्पर याच पैशांत बऱ्या अवस्थेत मिळतात. उभं राहता येतं, जागा जास्त. फोक्सवॅगनचं नाव नाही म्हणून भाव कमी. फक्त घरासारख्या बांधणीच्या असतील तर ओल तपासा: ओलावा मोजायचं यंत्र २० पौंडांना मिळतं, ते कोपऱ्यांत, खिडक्यांखाली आणि छताच्या कडेला लावा. आतली लाकडी चौकट कुजली असेल तर भिंत अंगठ्याने दाबली जाते.

बेडफर्ड बांबीही दिसेल, स्वस्त आणि गोड. ती सुझुकी कॅरीच्या घराण्यातली, म्हणजे आपल्या ओम्नीची नातलग, इंजिन ९७० सीसी. पण दोनच माणसांची. तुम्हा चौघांना नाही.

लीड्सकर

सगळ्यांचे मनापासून आभार. विकणाऱ्यांना एमओटीचं विचारलं, शनिवारी तयार आहेत. ५,८०० पासून सुरुवात करावी का?

गंजपारखी

आकडा लिफ्टखालून बाहेर आल्यावर बोला, आधी नाही. सोबत न्या: चुंबक, टॉर्च, जुनी चादर, छोटा आरसा, दोन्ही कारसीट. टायरवरचा चार आकडी कोडही वाचा, २३१६ म्हणजे २०१६चा तेविसावा आठवडा. सात वर्षांपुढचे टायर असतील, किंवा बाजूला सी लिहिलेले जड भाराचे नसतील, तर चार टायरांचे पैसे किमतीतून वजा करा.

वॉटरबॉक्सर

आणि हेडच्या त्या सांध्याचे फोटो दोन्ही बाजूंनी काढून इथे टाका. सौदा ठरवण्याआधी.